दगडी तोंडांचं तिकीट

मुश्ताकचं लग्न मोडायला आलं ते पोस्टाच्या एका तिकिटापायी. मानपान नाही, कुणी कान भरले नाहीत, मुलाने काही उद्योग केले नाहीत. बोटभर कागदाचा तुकडा, आणि तोही त्यानेच स्वतःच्या जिभेने ओला करून चिकटवलेला! आता याला काय म्हणायचं?

तेव्हा युनायटेड अरब एमिरेट्स हे नाव अजून कुणाच्या तोंडी नव्हतं. सात शेख, सात झेंडे, आणि मधे वाळूच वाळू. मुश्ताक होता फुजैऱ्याला, म्हणजे डोंगरापल्याडच्या किनाऱ्यावर. डोंगराअलीकडच्या देऱ्याच्या बंदरातून सकाळी लँड रोव्हरने निघालेला माणूस संध्याकाळी पोचायचा तो हाडं खिळखिळी होऊनच. मालक रफिकशेठचं मोठं दुकान देऱ्यात. फुजैऱ्याचं हे त्याचं पिल्लू. तांदूळ, साखर, रॉकेल, सिमेंट, आणि गल्ल्यावर मुश्ताक. पुढे समुद्र, मागे बोडके डोंगर, मधे खजुराची झाडं आणि वाळूत सुकत घातलेल्या मासळीचा वास. बाकीचे नाकाला रुमाल लावत. मुश्ताकला त्या वासाने घरची आठवण यायची.

ही नोकरी त्याने धरली होती शहनाझसाठी. आधी तो जहाजावर खलाशी होता. दाभोळच्या खाडीकाठच्या त्यांच्या गावात दर दुसऱ्या घरातला पुरुष जहाजावर. शहनाझचा बाप बदरुद्दीनही. तो बंदराबंदरातून पत्रं टाकायचा. त्याच्या बायकोला, हव्वाबीला, अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिकिटं तिला बरोबर कळायची. राणीचं तोंड आलं की नवरा विलायतेला, पिरॅमिड आला की मिसरला. पत्र दुसऱ्याकडून वाचून घेण्याआधीच ती शेजारणीला सांगायची, "आमचे आता मिसरला आहेत हो." आणि एका वर्षी तिकिटं यायची थांबली ती थांबलीच. जहाज गेलं, माणूस गेला, मय्यत बघायलाही मिळाली नाही.

त्यामुळे मुश्ताकचं स्थळ आलं तेव्हा हव्वाबीने त्याला समोर बसवलं आणि म्हणाली, "पोरा, जहाजाची नोकरी पुन्हा करणार नाहीस अशी कसम खा. मग मुलगी तुझी." मुश्ताकने तिथल्या तिथे कसम खाल्ली. शहनाझसाठी त्याने जहाजच काय, मासे खाणंसुद्धा सोडलं असतं, आणि कोकणी माणसाच्या तोंडून याहून मोठी गोष्ट निघत नाही. रमजान ईदेनंतर निकाह ठरला आणि मुश्ताक फुजैऱ्याला येऊन साखर तोलू लागला.

फुजैऱ्याचं पोस्ट ऑफिस म्हणजे एक खोली, आणि त्या खोलीत जहूर. हा श्रीवर्धनचा. सरळ नाकाचा, सडपातळ, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. एक दिवस मुश्ताक पत्र घेऊन गेला तर गडी खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

"मुश्ताकभाई, नया सेट आया है! बघ तरी."

तिकिटावर दगडाची तीन लांबोडकी तोंडं होती. खोल डोळे, लांब कान, आणि ओठ असे मिटलेले की जणू त्यांना कुणीतरी उधार मागितलंय.

"हे कोण रे बाबा?"

"ईस्टर आयलंड! पॅसिफिकच्या मधोमध टीचभर बेट, आसपास कुठे जमीन नाही. आणि त्यावर हे असले पुतळे, शेकड्यांनी! डोंगरात कोरले आणि पार किनाऱ्यापर्यंत नेले. कसे नेले? कुणाला पत्ता नाही. काही तर अर्ध्या वाटेतच राहिलेत. साहेब लोक डोकं खाजवतायत. आणि तिथली माणसं म्हणतात, नेले कुठले, पुतळे आपले आपण चालत गेले."

"पाय कुठेत त्यांना?"

"तीच तर मिस्टरी आहे, हबीबी!"

"ते ठीक. पण फुजैऱ्याचा त्यांच्याशी संबंध काय?"

"काहीच नाही," जहूर आनंदाने म्हणाला. "छापणारा परदेशात, अल्बमात चिकटवणारे परदेशात. पत्रावर लावणारा अख्ख्या दुनियेत तूच एक."

मुश्ताकने हसत तिकीट लावलं. जहूरचं तिकिटांवर फार प्रेम. चित्राला धक्का लागू नये म्हणून तो ठप्पा मारायचा कोपऱ्यात, जिथे बारीक अक्षरांत 'फुजैरा' छापलेलं होतं. आणि असा दणकून मारायचा की त्या जागी नुसता काळा डाग उरायचा.

महिन्याभराने उत्तर आलं. अक्षर शहनाझचं, शब्द हव्वाबीचे. "तुझी खुशाली कळली. कागदावर फुजैरा लिहिलंस. तिकीट भलतंच सांगतं. लियाकतने चश्मा लावून वाचलं. तू मला फसवशील असं वाटलं नव्हतं."

मुश्ताकच्या तोंडचं पाणी पळालं. लियाकतमामू म्हणजे हव्वाबीचा थोरला भाऊ, उभा जन्म सारंग म्हणून जहाजं हाकलेला, गावात समुद्राच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा. त्याने तिकिटावरची इंग्रजी अक्षरं लावून लावून 'ईस्टर आयलंड' वाचलं होतं आणि चारचौघांत जाहीर केलं होतं, "हे अरबस्तान नव्हे. अर्धी दुनिया ओलांडावी तेव्हा हे बेट येतं. पोरगा जहाजावर आहे."

झालं! त्याच संध्याकाळी मुश्ताक खुलासा लिहायला बसला. आपण तिथे गेलो नाही, हे फक्त चित्र आहे, हे पटवायचं तर चित्र कसलं ते सांगायला हवं. म्हणून जहूरने सांगितलेलं सगळं लिहिलं. पुतळे कोरले कुठे, नेले कुठे, चालत कसे गेले म्हणतात. लिहिता लिहिता रंगला, आणि पत्र बंद करताना त्याच्या लक्षात आलं की आपण स्वतः पाहून आल्यासारखंच वर्णन केलंय. पण दुसरा कागद कोण खर्ची घालणार?

"जहूर, आज मला शेखसाहेबांचं तोंड असलेलं तिकीट दे. दुसरं काही नको."

"खलास. ती कस्टमवाले घेऊन गेले. पेंग्विन आहेत बघ, मस्त!"

"मरू देत तुझे पेंग्विन!"

"मग आठ दिवस थांब."

थांबायला धीर कुठला? पेंग्विन गेले. उत्तर आलं, "आता बर्फात पोचलास. तब्येतीला जप." त्याच्या उत्तरावर जहूरकडे उरला होता पायांना फळ्या बांधून डोंगरावरून घसरणारा एक गोरा. तोही गेला. मग मुश्ताकने शहाणपणा केला. पत्र लँड रोव्हरच्या ड्रायव्हरकडे देऊन म्हणाला, "देऱ्याहून टाक, आणि तिकीट साधं लाव." ड्रायव्हर सज्जन माणूस. पत्र टाकून आल्यावर कौतुकाने सांगू लागला, "एकदम फर्स्ट क्लास तिकीट लावलं, भाई. चंद्रावर निघालेलं रॉकेट!"

मुश्ताकने कपाळावर हात मारून घेतला.

या वेळी हव्वाबीचं उत्तर दोन ओळींचं आलं. चिपळूणच्या शाळेतल्या एका मास्तराचं स्थळ आलंय. लियाकत मुंबईहून बोटीने निघालाय, तो डोळ्यांनी बघेल. तू दुकानात सापडलास तर ठीक, नाहीतर आमचा सलाम समज.

आता सांगा, त्या दिवसापासून मुश्ताक दुकान सोडेल? त्याने समुद्रावर फिरायला जाणं बंद केलं. मालक देऱ्याला बोलावतोय म्हटल्यावर पोटात कळ आल्याचं सांगितलं. उगीच मामू नेमका त्याच दिवशी टपकायचा! एका मच्छीमाराने होडीत बसायला बोलावलं तर मुश्ताक त्याच्यावर असा खेकसला की तो बिचारा साखर न घेताच गेला.

आणि एका दुपारी लँड रोव्हर थांबली. धुळीने पांढरा झालेला लियाकतमामू खाली उतरला, काखेत सुक्या बांगड्यांचं पुडकं. मुश्ताक साखर तोलत होता. त्याला इतका आनंद झाला की मापाबाहेर दोन मुठी जास्त पडल्या.

"सलाम मामू! बघा, दुकानातच आहे!"

"दिसतंय. हात दाखव."

मामूने त्याचे दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले. दोराचे घट्टे कुठे आहेत का, बोटं चाचपून बघितली. मग पोटाकडे नजर टाकली.

"हं. हे पोट जहाजावरचं नव्हे," मामू म्हणाला. "मग ती तिकिटं कसली?"

मुश्ताकने त्याला हाताला धरून पोस्टात नेलं. जहूरने खण उघडला आणि एकेक ताव टेबलावर मांडला. पेंग्विन, फळ्यांवरून घसरणारा गोरा, सायकलवाले, फुलपाखरं, आणि ती तीन दगडी तोंडं. सगळ्यांवर कोपऱ्यात स्वच्छ छापलेलं, फुजैरा. मामू एक एक बघत गेला आणि मग असा हसत सुटला की चश्मा काढून डोळे पुसावे लागले.

"आणि मी गाढव सगळ्या गावाला सांगून बसलो!"

हसू ओसरल्यावर त्याने दगडी तोंडांचं तिकीट पुन्हा उचललं. "चालत गेले म्हणतात ते खोटं नसेल रे. दोन बाजूंना दोर बांधायचे. एकदा डावीकडे ओढ, एकदा उजवीकडे. भरलेलं पिंप आपण डोलवत डोलवत नेतो ना, तसं."

"पिंप पडलं तर उचलता येतं, मामू," जहूर म्हणाला. "हा डोंगर पडला तर?"

"पडले असतील तेच वाटेत राहिले!"

दोघांची चांगलीच जुंपली. मुश्ताकला मात्र पुतळे चालोत की लोळोत, त्याचं काही नव्हतं. छातीवरचं ओझं उतरलं होतं. मामू म्हणाला, देऱ्याला पोचलो की हव्वाबीला तार करतो, मुलगा दुकानातच आहे म्हणून. मास्तराचं स्थळ खलास. मुश्ताकला वाटलं, जहूरला उचलून नाचावं.

दुकानात परत आल्यावर मामूने चहाचा पेला हातात घेतला, पण पीत काही नव्हता. म्हातारा अवघडला होता.

"आणखी एक निरोप आहे. हव्वाबीचा नाही. पोरीचा."

मुश्ताक पुढे सरकला. "काय म्हणाली?"

"मी निघालो तर पार वाटेच्या टोकापर्यंत माझ्या मागे आली. म्हणाली, मामू, तो दुकानात सापडला तरी हा निरोप द्या, आणि जहाजावर सापडला तरी हाच द्या."

"सांगा तरी."

मामूने घसा खाकरला आणि भाचीचे शब्द जसेच्या तसे सांगायला लागला, मान खाली घालून, जणू तो स्वतःच गुन्हेगार होता. "म्हणाली, आईला जहाज आणि दुकान यात फरक वाटतो. मला वाटत नाही. ते बेट काय आणि फुजैरा काय, आमच्या अंगणातून दोन्ही सारखीच लांब. आई जन्मभर तिकिटं बघत बसली. मी नाही बसणार."

खरं सांगायचं तर मुश्ताकने सगळं ठरवून ठेवलं होतं. निकाह होईल, महिनाभर राहू, मग परत फुजैऱ्याला. दोन वर्षांनी एकदा गावी जायचं, मधे पत्रं. सगळे तेच करत होते. लियाकतमामूने तेच केलं होतं, बदरुद्दीनने तेच. इतके महिने तो जिवाचा आटापिटा करून सांगत होता की मी समुद्रावर नाही, मी इथेच आहे. इथेच म्हणजे कुठे, हे त्याने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. त्याला फार लाज वाटली.

"पुढे?" तो हळूच म्हणाला.

"ती म्हणाली, पुतळ्यांचं पत्र मी पाठ होईस्तोवर वाचलं. ते दगड असून निघाले म्हणे. मी तर हाडामांसाची आहे." मामूने पेला खाली ठेवला. "आणि म्हणाली, पोस्टाची तिकिटं पुष्कळ पाठवलीत. आता एक बोटीचं पाठवा. माझ्या नावाचं."

मुश्ताक हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. ते लपवायचंही त्याला सुचलं नाही. या किनाऱ्यावर कोकणातली एकही बाई नव्हती. दुकानामागच्या खोलीला धड खिडकी नव्हती, पाणी विहिरीवरून आणावं लागायचं. खिडकी कुठल्या भिंतीत पाडायची, याचा तो आत्ताच विचार करू लागला होता.

"ऐक," मामू म्हणाला, "हव्वाबीने कसम तुझ्याकडून घेतली, पोरीकडून कुणी घेतली नाही, ते खरं. पण लेक समुद्रापार जाणार हे ऐकून ती मला घरात घेणार नाही."

"तुम्ही नका सांगू. मीच जाऊन समोर बसतो. पत्रबित्र नको आता."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर हो म्हणेपर्यंत बसून राहीन. तिला जमिनीवरचाच माणूस हवाय ना!"

मामूने खिशातून पेन्सिल काढली आणि साखरेच्या कागदावर तारेचा मजकूर लिहायला घेतला. मुलगा दुकानात. सगळं ठीक.

"आणखी दोन शब्द घाला, मामू."

"कुठले?"

"तिकीट पाठवतो."

"अरे, हे ऐकून हव्वाबीच्या छातीत धस्स होईल!"

"होऊ द्या," मुश्ताक म्हणाला. "तार तिला शहनाझच वाचून दाखवणार आहे."