बंदरातली बाळंतीण

"बाबा, अंडी!" ती जिन्यातूनच ओरडली.

"मग ओरडतेस काय? ऑम्लेट कर," सासरे आतून म्हणाले.

"अहो, कोंबडीची नाहीत! माझ्या गोगलगायींनी घातलीत!"

ती दारात आली तेव्हा धापा टाकत होती. गुडघ्यापर्यंत भिजलेली, कोपर खरचटलेलं, आणि हसू तोंडात मावत नव्हतं.

समुद्राचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत ती मदतनीस होती. बंदराच्या खडकांवरून गोगलगायी आणायच्या, कवच फोडायचं, भिंगाखाली माद्या तपासायच्या, यात तिची निम्मी नोकरी सरली होती. मादी म्हणायची खरी, पण तिला नराचं इंद्रिय फुटलेलं असायचं. ते वाढलं की अंड्यांची वाट बुजायची, अंडी आतच अडकायची आणि मादी मरायची. बोटींच्या तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगातलं विष पाण्यात उतरून हे घडवत होतं. खडक ओस पडत गेले.

सासऱ्यांनी उभा जन्म गोदीत तोच रंग लावला होता.

"काय सूनबाई, आज तुझ्या बायांना मिशा फुटल्या का?" ते जेवताना विचारायचे. तीही हसायची. पण रंगाला कुणी बोल लावला की त्यांचा पारा चढायचा. "रंगानं कुठे कुणाची पोरं थांबतात?" पुढे रंगावर बंदी आली, बोटींनी दुसरे रंग घेतले. तरी खडक कित्येक वर्षं ओसच राहिले.

"चला, दाखवते."

"आत्ता? आणि माझे गुडघे?"

"माझा खांदा आहे की! भरती आली की काही दिसायचं नाही."

ती त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन गेली. धक्क्याच्या टोकाला, दोन खडकांमधल्या फटीत तिनं बोट दाखवलं. तांदळाच्या दाण्यांएवढ्या, अंड्यांच्या पिवळसर कुप्या दाटीनं उभ्या होत्या. शेजारी एक गोगलगाय निवांत बसली होती.

"एकेका कुपीत पिल्लं आहेत, बाबा! बघा तरी!"

तिनं दिलेलं भिंग त्यांनी डोळ्याला लावलं. बराच वेळ काढलं नाही.

"आमच्याच रंगानं थांबलं होतं ना हे?"

आजवर ज्यावरून वाद घातला, त्याचं उत्तर देताना तिचा आवाज खाली आला. "हो, बाबा."

"रंग जबरदस्त होता गं. बोटी पाण्यात जायच्या तेव्हा तळ आरशासारखा असायचा. लोक बघत उभे राहायचे." त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. "तेव्हा मला कुणी सांगितलंच नाही."

तिनं भिंग खिशात ठेवलं. मग तिला राहवलंच नाही. "पलीकडच्या फटीतसुद्धा असतील! मी बघून येते!"

"हळू! बाळंतिणीजवळ एवढ्यानं बोलतात का?"

ती हसत पलीकडे गेली. वळून पाहिलं तर ते खाली बसून बूट काढत होते. बूट काखेत मारून ते उठले आणि खडकावर पाऊल टेकण्याआधी खाली एखादी गोगलगाय तर नाही ना, हे अंगठ्यानं चाचपत, अनवाणी, तिच्याकडे येऊ लागले.