उस्तादची पन्नाशी

"पडदा सरकवू का?" टेलरने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सरकवलासुद्धा. "बघ उस्ताद, तुझी काच."

उस्ताद बॅग हातात घेऊन खोलीच्या दाराशीच उभा होता. समोर जमिनीपासून छतापर्यंत काच, काचेपलीकडे सगळं शहर. हॉटेलचा वरून दुसरा मजला. टेलरने खास मागून घेतलेला.

"कोपरे सोडलेत," उस्ताद म्हणाला. "आमच्या वेळी असं काम केलं असतं ना, तर मुकादमाने बादली डोक्यावर ओतली असती."

टेलर खूष झाला. हे असं काहीतरी ऐकायलाच तर तो आला होता. मौनीने आपली पिशवी मधल्या पलंगावर ठेवली आणि चपला काढल्या. मौनी बोलत नसे, म्हणून तर मौनी.

हे तिघं शाळेपासूनचे. उस्ताद उंच इमारतींच्या काचा पुसायचा. कमरेला पट्टा, डोक्यावरून खाली सोडलेला दोर, हातात रबरी पट्टी आणि पायाखाली काही नाही. मौनी त्याचा जोडीदार, शेजारच्या दोरावर. टेलरचं आयुष्य शिलाई मशीनवर गेलं. तो चढला असेल तर फार तर स्टुलावर. म्हणून की काय, उस्तादच्या गोष्टी तो उस्तादपेक्षा रंगवून सांगायचा. दुकानात माप द्यायला आलेल्या गिऱ्हाईकाला हात वर करायला लावायचा आणि तो तसा अडकलेला असतानाच सुरू व्हायचा. "आमचा उस्ताद एका हाताने लोंबकळत आतल्या पाहुण्यांना सलाम ठोकायचा." सलाम खरा होता. लोंबकळणं उस्तादने मागाहून घातलं होतं.

उस्तादची पन्नाशी आणि जोडून आलेल्या सुट्ट्या असा योग जुळला, तेव्हा टेलरने फर्मान काढलं: शहरात जायचं, तिघांनीच, बायकापोरं घरी. उतरायचं कुठे ते मात्र टॅक्सी हॉटेलसमोर थांबेपर्यंत सांगितलं नाही. टेलरच्या पोटात गोष्ट राहिली, ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. उस्तादने मात्र टॅक्सीतून उतरताना वर बघितलंच नाही.

कारण काही वर्षांपूर्वी याच इमारतीवर त्याचं घोडं अडलं होतं. सकाळची वेळ, वारासुद्धा नव्हता. पाय घसरला नाही, दोर तुटला नाही, काही म्हणजे काही झालं नाही. फक्त दोराभोवती आवळलेले हात उघडेनात. का, ते त्याला आजही सांगता आलं नसतं. मौनीने स्वतःचा दोर जवळ घेतला, त्याला आपल्या पट्ट्याला अडकवलं आणि खाली आणलं. खाली आल्यावर मुकादमाला म्हणाला, "ऊन लागलंय याला." त्यानंतर उस्तादने बढती घेतली. म्हणजे असं त्याने घरी सांगितलं, टेलरला सांगितलं, सगळ्यांना सांगितलं. आता तो कंपनीच्या गावाजवळच्या आवारात नव्या लोकांना गाठी मारायला शिकवायचा, पट्टे तपासायचा, जमिनीवर. मौनी अजून दोरावर होता. त्या सकाळबद्दल दोघांत पुन्हा अवाक्षर निघालं नव्हतं.

टेलरला कळलं म्हणजे गावाला कळलं. आणि गावाला कळल्यावर 'उस्ताद' म्हणून कोण हाक मारणार?

तर उस्तादने पहिला दिवस मोठ्या हिकमतीने काढला. बाथरूमकडचा पलंग त्याने पटकावला. "या वयात रात्री उठावं लागतं. खिडकी तुला घे, तुलाच हौस." टेलरने काचेजवळ उभं करून फोटो काढायचा म्हटलं, तर उत्तर तयार होतं: "उजेड पाठीमागून येतोय. तोंड काळं येईल." आणि एकदा रस्त्यावर आल्यावर मग काय, उस्ताद राजा. कुठल्या गल्लीत चहा चांगला, कुठल्या बाजारात बूट स्वस्त, कुठला पूल ओलांडला की पायपीट वाचते, सगळं त्याला तोंडपाठ. बूटवाल्याशी त्याने अशी घासाघीस केली की शेवटी बूटवाल्यानेच त्याला पाणी विचारलं. टेलर मागून अभिमानाने बघत होता, जणू उस्ताद त्यानेच शिवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेलरने दोघांना लिफ्टमध्ये घातलं आणि सगळ्यात वरचं बटण दाबलं.

"वर काय आहे?" उस्तादने विचारलं.

"गप बस. तुझा वाढदिवस आहे."

वर गच्ची होती. गच्चीच्या एका बाजूने सज्जा इमारतीबाहेर काढला होता आणि त्याची जमीनसुद्धा काचेची होती. काचेखाली थेट रस्ता. हॉटेलच्या मॅनेजरबाई आणि दोन वेटर हसतमुखाने उभे होते. ज्याने ही इमारत धुतली तो माणूस पाहुणा म्हणून येतोय, हे टेलरने आदल्या दिवशीच त्यांच्या कानावर घातलं होतं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. टेलरने केकचं ताट उचललं, ताडताड चालत सज्ज्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि वळला.

"चल उस्ताद. इथे कापायचा. फोटो बाई काढतायत."

उस्ताद फरशीच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पुढे काच. तिथे त्याचे पाय थांबले ते थांबलेच. डोकं मात्र झरझर चालत होतं: पोट बिघडलंय म्हणावं, चक्कर येतेय म्हणावं. मौनी शेजारी येऊन उभा राहिला. त्याने उस्तादकडे बघितलं, मग टेलरकडे, आणि तोंड उघडलं.

"ऊन फार..."

एवढं ऐकलं आणि उस्तादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस वर्षानुवर्षं बोलत नाही, आणि बोलतो तेव्हा आपल्यासाठी खोटं बोलतो.

"राहू दे रे," तो मौनीला म्हणाला. मग आवाज चढवून, "टेलर, मी नाही येत. मला भीती वाटते."

टेलर हसला. "खेचतोस काय माझी?"

"खरंच वाटते. मी दोरावरून उतरलो तो भीतीने. हात उघडत नव्हते माझे. याने आणलं मला खाली. बढती-बिढती काही नव्हती."

बाईंनी फोटोसाठी धरलेला फोन हळूच खाली घेतला. टेलरचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मग त्याने, सज्ज्यावर गेल्यापासून पहिल्यांदाच, खाली बघितलं. इतका वेळ तो काचेवर कुठे उभा होता? तो उस्तादच्या गोष्टींवर उभा होता. ताट छातीशी धरून तो मटकन खाली बसला.

"उस्ताद," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मला उठता येत नाहीये."

मौनी पुढे निघाला. उस्तादने त्याचा दंड धरला. "थांब. त्याला तिथे मी उभं केलंय."

एक पाय त्याने काचेवर ठेवून बघितला. नाही जमलं. मग तो खाली बसला, दोन्ही तळवे टेकले आणि रांगत निघाला. पन्नास वर्षांचा माणूस, टेलरनेच शिवलेला नवा शर्ट अंगात, वेटर बघतायत. तळहातांना इतका घाम की काचेवर पंजे उमटत गेले. नजर त्याने टेलरच्या शर्टावर खिळवली होती.

"तुझ्या शर्टाचं दुसरं बटण," तो म्हणाला, "वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलंय."

"शक्य नाही," टेलर म्हणाला. खाली लागलेली त्याची नजर उठली आणि शर्टावर आली.

"मला इथून दिसतंय. बघ नीट."

"अरे एकच दोरा आहे. तुला चष्मा लागलाय."

"लागला असेल. आता माझ्याकडे बघ. माझ्याकडेच. ते ताट सोड आणि हात दे."

"आणि केक?"

"केकला भीती वाटत नाही."

टेलरने हात दिला. दोघं एकमेकांना धरून, एक उलटा आणि एक सुलटा, रांगत फरशीवर आले आणि भिंतीला पाठ लावून बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे वेटरांना कळेना. बाईंनी मान हलवून त्यांना आत पाठवलं. मौनी शांतपणे चालत सज्ज्यावर गेला आणि ताट घेऊन आला.

केक तिथेच, भिंतीशी बसून कापला. टेलरने आपला तुकडा हातातच धरून ठेवला.

"माझ्याशीसुद्धा खोटं?" शेवटी तो म्हणाला.

"तुझ्याशीच जास्त. तू ज्या थाटात सांगायचास ना, ते ऐकून मलाच खरं वाटायचं."

एवढ्यात उस्तादचा फोन वाजला. घरून होता. उस्तादचे हात केकने माखले होते, म्हणून टेलरने घेतला, आणि घेताच त्याला दुकानातला आवाज फुटला.

"हो वहिनी, कापला की केक. काचेवरच. मधोमध उभा होता आमचा उस्ताद, छाती काढून. लोक बघत राहिले."

उस्तादने त्याच्याकडे बघितलं. या माणसाच्या पोटात काही राहत नाही, असं आपण जन्मभर म्हणत आलो. त्याने हात पुढे केला.

"दे इकडे."

"अरे, मी सांगतोय ना."

"दे." फोन कानाला लावून तो म्हणाला, "अगं, उभा नव्हतो. रांगत गेलो." आणि मग त्या सकाळपासूनचं सगळं त्याने तिला सांगितलं, टेलर आणि मौनीच्या देखत, काही न वगळता. लोंबकळण्याचंसुद्धा.

त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, असं काहीतरी असणार."

"तुला कसं वाटलं?"

"झोपेत मुठी आवळता तुम्ही. चादर अशी धरून ठेवता की ओढून निघत नाही. मी एकेक बोट सोडवते, मग झोपते."

"रोज?"

"रोजच."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही बढती म्हणालात. मी म्हटलं, बढती तर बढती." आणि मग, "गुडघ्यांना लागलं नाही ना?"

"नाही," तो म्हणाला. फोन त्याने कानालाच धरून ठेवला. तिनेही फोन ठेवला नाही. तिकडे नळ वाहत होता, भांडी विसळली जात होती. लांबून मुलीने विचारलं, कोणाचा फोन.

"बाबांचा," ती म्हणाली. "बरे आहेत."