थर्गुडची डोणी

आम्हा टॅक्सीवाल्यांना पुतळे आवडतात असं म्हटलं की लोक हसतात. हसू देत. प्राध्यापक मंडळी सेनापतींच्या पुतळ्याकडे आयुष्यात दोनदा बघत असतील. मी एकतीस वर्षं रोज बघितले, आणि तेही लाल सिग्नलला थांबून, म्हणजे नीट. लंडनात काळी टॅक्सी चालवायची तर अख्खं शहर पाठ असावं लागतं. परीक्षक म्हणतो, अमुक स्मारकापासून तमुक हॉटेलपर्यंत न्या. मग आपण नकाशाशिवाय, खुर्चीत ताठ बसून, एकेक वळण तोंडाने म्हणायचं. असं वर्षानुवर्षं. नापासांची तर गणतीच नाही.

माझे डोळे एक्क्याण्णव साली गेले. म्हणजे पूर्ण नाही, मधला भाग गेला, कडा राहिल्या. समोर माणूस उभा असला तर मला त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. टॅक्सी विकली, बिल्ला परत केला. बायको त्याआधीच गेली होती. पण शहर डोक्यात होतं. एक दगड इकडचा तिकडे नाही, असं मी येईल त्याला सांगायचो, आणि खरं सांगतो, त्याच एका गोष्टीवर मी जगत होतो.

वरच्या मजल्यावर ग्लेनिस पॅस्को राहायची. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, वय सेहेचाळीस, आवाज सगळ्या इमारतीला पुरेल एवढा. तिने टॅक्सीची परीक्षा द्यायचं मनावर घेतलं तेव्हा मी म्हटलं, या वयात रस्ते पाठ करणार तू? तर म्हणाली, मालक, रोज चारशे पोरांपैकी कोणाला शेंगदाणे चालत नाहीत ते मला पाठ असतं, रस्ते निदान रडत तरी नाहीत. त्या दिवसापासून मी तिचा मास्तर झालो.

पहाटे ती मोपेडवर शहर फिरायची आणि संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणून दाखवायची. टेबलावर नकाशा, त्यात दोन टाचण्या, टाचण्यांमध्ये ताणलेला शिवणाचा दोरा. रस्ता जितका दोऱ्याला धरून, तितका चांगला. मला नकाशा दिसत नव्हता, पण दोरा बोटाला लागायचा. ती म्हणत जायची, मी टेबलावर बोटं वाजवत ऐकायचो. चुकली की एकदाच जोरात टकटक. साडेतीन वर्षं हेच चाललं होतं. ती वरच्या पायरीवर पोचली होती, जिथे दर अठ्ठावीस दिवसांनी बोलावतात. पण तीन वेळा घसरली होती. चौथ्यांदा घसरली की पुन्हा खालची, छप्पन्न दिवसांची पायरी. तसं झालं तर सोडून देणार, हे तिने मला सांगून टाकलं होतं. गुडघे गेलेत मालक, म्हणाली, पुन्हा तेवढं चढायची ताकद नाही.

रविवार मात्र माझा. रविवारी ती मला बसने माझी स्मारकं दाखवायला न्यायची. दाखवायला म्हणजे हात लावायला. हाइड पार्क कॉर्नरला तोफखान्याचं स्मारक आहे. वर दगडाची अख्खी तोफ, आणि एका बाजूला मेलेला तोफची, अंगावर त्याचाच कोट पांघरलेला. तोंड झाकलेलं. मला कोणाचंच तोंड दिसत नसल्यामुळे असेल, पण तिथे मला कधी आंधळ्यासारखं वाटलं नाही. त्याच्या कोटाच्या घड्यांवरून हात फिरवला की हा काशाचा पुतळा आहे हेच विसरायला होतं. ज्याने हे घडवलं त्याने जयजयकार केला नाही, रडारडही केली नाही. माणूस झोपवला आणि पांघरूण घातलं. यापेक्षा मोठं काम माझ्या बघण्यात नाही.

तिथून पिकॅडिलीवर चालत आलं की फुटपाथच्या कडेला एक जाड फळी आहे, दोन खांबांवर, खांद्याएवढ्या उंचीची. पाठीवर ओझं वाहणाऱ्या हमालांनी ओझं न उतरवता नुसतं टेकवावं, दम खावा, पुढे जावं, म्हणून बसवलेली. घोड्यावरच्या सरदारांच्या शहरात कोणीतरी हमालाच्या खांद्याची उंची मोजली, याचं मला दर वेळी नव्याने कौतुक वाटायचं. ग्लेनिस तिला पाठ लावून उभी राहायची आणि म्हणायची, शाळेच्या स्वयंपाकघरात एक पाहिजे अशी.

सेंट पॉलच्या मागे पोस्टमन्स पार्कात फरशांची भिंत आहे. दुसऱ्याला वाचवताना मेलेल्या साध्या माणसांची नावं त्यावर. धुण्याचं काम करणाऱ्या, रेल्वेतली माणसं, शाळकरी पोरं. अक्षरं रंगवलेली, बोटाला लागत नाहीत, म्हणून ती वाचायची. तिचा तो इमारतभर आवाज तिथे आपोआप खाली यायचा. आगीतून तीन मुलांना वाचवून स्वतः गेलेल्या मोलकरणीची फरशी आली की ती मी न सांगताच दोनदा वाचायची.

आणि थर्गुडची डोणी. ही माझी सगळ्यात लाडकी. स्मिथफील्डच्या मागच्या चौकात, रस्त्याच्या मधोमध, घोड्यांना पाणी प्यायला ठेवलेली काळ्या दगडाची लांब डोणी. थर्गुड घोडागाडीवाला होता. उधळलेल्या घोडीखाली एक फुलवाली सापडणार होती. याने मधे उडी घेतली, ती वाचली, हा गेला. गाडीवाल्यांनी मिळून ही डोणी बसवली, समोर त्याची गोष्ट सांगणारी पाटी लावली. एकतीस वर्षं मी तिच्या काठावर बसून डबा खाल्ला. पण कुठल्याच रविवारी आम्ही तिथे जायचो नाही. एकदा बस नाही, एकदा तिचा पाय दुखतोय, एकदा पाऊस. मीही फार ताणून धरलं नाही. डोणी कुठे पळून जाणार होती? तिच्यापासून निघायचा रस्ता मी ग्लेनिसकडून निदान दोनशे वेळा म्हणून घेतला होता.

सोमवारी तिची परीक्षा होती. दुपारी ती आली आणि कोट न काढताच बसली. म्हणाली, "फेकलं खाली."

परीक्षकाने विचारलं होतं, थर्गुडच्या डोणीपासून पिकॅडिलीच्या हमालांच्या फळीपर्यंत. माझ्याच घरातला प्रश्न. मी हादरलोच. विचारलं, मग चुकलीस कुठे? म्हणाली, पहिल्याच वाक्याला. मागच्या चौकातून निघाले म्हणून सांगितलं, तर त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "बाई, कोणत्या साली निघालात तुम्ही?"

मी भडकलो. परीक्षकाला डोणी कुठे आहे ते माहीत नाही, असल्या माणसाला खुर्चीत कोणी बसवलं, वगैरे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मालक, डोणी तिथे नाही. चौक रुंद केला तेव्हाच हलवली. तीन वर्षं झाली."

"मग तू तिथून कशाला निघालीस?"

"तो तुमच्यासारखाच टेबलावर बोटं वाजवत होता. मला वाटलं मी इथेच बसलेय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सुरुवातीला एकदा तिने मला सांगितलं होतं म्हणे, की अमुक गल्ली आता उलट्या दिशेने एकेरी झाली. मी दोन दिवस जेवलो नव्हतो. ते मलाही आठवलं. तेव्हापासून तिने मला काही सांगायचं सोडलं. जे बदललं ते ती वहीत मांडायची आणि माझ्यासमोर जुनंच म्हणायची. परीक्षेत नवं, टेबलावर जुनं. लोकांना एक लंडन पाठ करताना घाम फुटतो. या बाईने दोन केली होती. दुसरं फक्त माझ्यासाठी.

किती बदललंय, मी विचारलं. ती म्हणाली, वहीत सदतीस आहेत.

मी तिला घरी जायला सांगितलं. आभार नाहीत, माफी नाही, काही नाही. लाज वाटली की माणूस रागावतो, मी तर आधीच रागीट. माझ्या घरात साडेतीन वर्षं मला पोरासारखं खेळवलं, असं मी स्वतःला सांगत होतो. पण आतून कळत होतं की तिची परीक्षा मी घालवली. मी कधी एकदा तरी विचारलं होतं का, की पोरी, हे अजून तसंच आहे ना?

बुधवारी मी काठी घेऊन एकटाच निघालो. दोन बस बदलल्या. चौकात पोचलो तर नुसत्या गाड्यांचा आवाज, मधे थांबायला जागाच नाही. एका पेपरवाल्याला विचारलं. त्याने माझा दंड धरला आणि चर्चच्या पलीकडच्या बागेत नेऊन सोडलं. दीडशे पावलंसुद्धा नसतील.

डोणी बागेच्या मधोमध होती. हात लावला तर ओळखू येईना. धूर बसून बसून जी राठ झाली होती ती आता गुळगुळीत होती, कोणीतरी मनापासून घासली होती. आत पाणी होतं, पाण्यात कोवळी पानं. शेजारी दोन बायका बाकावर सँडविच खात होत्या आणि एक दुसरीला थर्गुडची गोष्ट सांगत होती. एकतीस वर्षांत मी त्या चौकात कोणाला ती पाटी वाचताना पाहिलं नव्हतं. गाड्यांच्या मधे जीव मुठीत धरून कोण वाचणार? मला वाटलं होतं, हलवली म्हणजे बिघडवली. उलट आता कुठे ती स्मारक झाली होती.

मी तिच्याभोवती हात लावत फिरलो. चौकात तिची मागची बाजू लोखंडी कठड्याला अगदी चिकटलेली असायची, तिथे मधे हातही जात नसे. आता ती मोकळी होती. आणि तिथे अक्षरं होती. खोल कोरलेली, एकच ओळ. मी बोटाने लावत गेलो, एकदा, मग पुन्हा, मग बाकावरच्या बाईंना वाचायला सांगितलं. तीच ओळ होती. गाडीवाल्यांनी मागे लिहिलं होतं: घोडीचा दोष नव्हता.

मी काठावर बसलो आणि मला रडू आलं. आपला माणूस मेला असताना त्याच्या दोस्तांना त्या मुक्या जनावराची आठवण राहिली. लोक तिला नावं ठेवतील, म्हणून दगडात लिहून ठेवलं. मी चारच दिवसांपूर्वी अभिमानाने सांगत होतो, एक दगड इकडचा तिकडे नाही. आणि ज्या दगडावर जन्मभर बसलो त्याची निम्मी बाजू मला माहीत नव्हती.

घरी आल्यावर कोटही न काढता वरच्या मजल्यावर गेलो. पाच वर्षांत पहिल्यांदाच ते जिने चढलो. ग्लेनिसने दार उघडलं. तिचे कान लाल दिसत होते. टेबलापाशी बसताना माझा हात एका जाड कार्डावर पडला. हे काय, म्हणून विचारलं तर म्हणाली, काही नाही, दुकानाच्या काचेवर लावायचं, मोपेड विकणे आहे.

मी खिशातून टाचण्या आणि दोरा काढला. म्हटलं, नकाशा पसर. एक टाचणी बागेत खोच, जिथे ती डोणी आहे तिथे. दुसरी फळीपाशी.

"डोणी कुठे आहे ते तुम्हाला कोणी सांगितलं?"

"जाऊन आलो. आता म्हणणार मी. तू ऐकायचं."

मी म्हणायला लागलो. बागेतून डावीकडे, चर्चला वळसा, मग जुन्या सवयीने उजवीकडे. होबर्न येईपर्यंत टेबलावर टकटक झाली नाही. ती श्वास रोखून बसली होती, माझी चूक सांगायची नाही ही जुनीच सवय. मी थांबलो.

"ग्लेनिस, मी चुकलो ना?"

तिने टाचण्यांमधला दोरा बोटाने सरळ केला.

"चुकलात," ती म्हणाली. आवाज फरशांच्या भिंतीपाशी व्हायचा तसा खाली आला होता.

"मग वाजव की टेबल. छप्पन्न दिवसांनी तुला पुन्हा बोलावतील. तोवर सदतीस चुका दुरुस्त करायच्यात, आणि मला जुनं ऐकवत बसलीस तर तूही पुन्हा तिथेच अडकशील."

तिने नाक ओढलं. मग टेबलावर अशी टकटक केली की टाचणी उडाली. "चर्चपाशी उजवीकडे वळता येत नाही, मालक. दोन वर्षं झाली बंद होऊन. पहिल्यापासून म्हणा."

मी पहिल्यापासून म्हणायला लागलो. समोर पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. मोपेडचं कार्ड तिने उलटं केलं होतं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर ती माझी पहिली चूक लिहून घेत होती.