पिशवीवरचा चेहरा

"हे काय आहे, आई?"

दीक्षाने तेलकट कागदी पिशवी खळीच्या वाटीशेजारी ठेवली. गोदाबाईंनी बोटं पदराला पुसली. पिशवीवर दीक्षाचाच फोटो होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत वड्याचं तेल उतरलं होतं.

"तुझाच की. छान आलाय."

"नोकरी लागली म्हणून मैत्रिणींना वडे खायला आणलं मी. वडेवाल्या हिंदुरावांनी प्रत्येकीच्या हातात माझंच तोंड दिलं. एकीने तर त्याला हात पुसले."

रद्दीच्या पिशव्या चिकटवून वडेवाल्यांना पुरवायच्या, हा गोदाबाईंचा नवरा गेल्यापासूनचा उद्योग. कर्वेनगरच्या कॉलेजातून एका कॉम्प्युटर कंपनीने मुली निवडल्या, पेपरात फोटो आले. आळीतल्या लोकांनी पेढे खाल्ले आणि फोटो बघायचा तेवढा विसरले. आपला पेपर सोडून दुसरा उघडतील तर शपथ. मग बाईंनी रद्दीवाल्याला त्या दिवसाचे अंक बाजूला काढायला लावले. घडी अशी घातली, की दीक्षाचा चेहरा बरोबर पुढे, मधोमध यावा. इतका जीव लावून त्यांनी आजवर एकही पिशवी केली नव्हती. लेकीचं कौतुक करायची त्यांना येत असलेली रीत हीच, आणि त्यात काय चुकलं ते त्यांना कळेना.

"बाबासाहेबांचा फोटो आला की तू पान बाजूला काढतेस," दीक्षा म्हणाली. "त्याची कधी पिशवी केली नाहीस. मग माझीच का?"

"ते घरोघरी आहेत, बाळा. तुला कोण ओळखतं?"

दीक्षा वळली. दारात चप्पल घालताना मान वर न करता म्हणाली, "मैत्रिणी थांबल्यात दुकानापाशी. पिशव्या कोण करतं ते त्यांना माहीत नाही. तू तिकडे येऊ नकोस."

हे मात्र बाईंना लागलं. त्यांनी एका कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. उठून पाणी प्यायल्या. बसल्या. खळ वाळत चालली तरी हात चालेना. शेवटी उरलेल्या पिशव्या तरी परत आणाव्यात म्हणून त्या दुकानाच्या मागच्या दाराने गेल्या.

"संपल्या," हिंदुराव झारा न थांबवता म्हणाले. "अहो, निम्मी पेठ तुमच्या लेकीचं तोंड बघून गेली. तुम्हाला हेच हवं होतं ना?"

हवं होतं तर हेच. बाई परत फिरणार, तेवढ्यात समोरच्या दारातून त्यांना रस्ता दिसला. आजवर त्या पिशव्यांचा गठ्ठा टाकून तशाच निघून जात. वडा खाऊन झाल्यावर पिशवीचं काय होतं, ते बघायला कधी थांबल्या नव्हत्या. दीक्षा रस्ताभर पडली होती. चुरगळलेली, चटणीने माखलेली. एका दीक्षावरून स्कूटर गेली.

त्या पुढच्या दाराने बाहेर आल्या आणि वाकून एकेक पिशवी उचलू लागल्या. लेकीने काय बजावलं होतं ते साफ विसरल्या.

"ए दीक्षा, त्या मावशी बघ, तुझे फोटो गोळा करतायत," कठड्याला टेकलेली एक मुलगी म्हणाली. "फॅन दिसतेय तुझी."

बाकीच्या हसल्या. गोदाबाईंना तेव्हा आठवलं. त्यांनी पदर पुढे ओढला, मुलींकडे पाठ केली आणि ओळख न देता निघाल्या. मागे एक पिशवी राहिली होती. ती तिथेच सोडून जायला त्यांचा पाय निघेना.

"तुझ्या पायाखाली आहे एक," दीक्षाचा आवाज आला. "पाय काढ. आईला घेऊ दे."

हसणं थांबलं. मुलीने पाय मागे घेतला. गोदाबाई वळल्या, वाकल्या, आणि पिशवी तळहातावर ठेवून तिच्या सुरकुत्या सरळ करू लागल्या.