सावल्या बंद, गाडी चालू

मित्रांनो, मी एक जुना कंप्युटर आहे, आणि माझी कीव केलेली मला खपत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझा पडदा पिवळा पडला आहे. पंखा सुरू झाला की पिठाची गिरणी चालल्यासारखा आवाज येतो. पण एके काळी हिंगोलीजवळच्या गोरेगावात माझ्यावर एक गाडी अशी धावली आहे, की हिंगोलीहून आलेल्या नव्याकोऱ्या कंप्युटरला मान खाली घालावी लागली. बढाई म्हणा हवं तर. मी सांगणारच.

माझा जन्म अठ्ठ्याण्णव साली हिंगोलीत, एका दुकानाच्या माळ्यावर झाला. डबा एकाचा, पंखा दुसऱ्याचा, पडदा तिसऱ्याच कुणाचा. चित्रं चांगली दिसावीत म्हणून कंप्युटरला एक वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवतात. ते माझ्या वाट्याला आलंच नाही. "टायपिंग तर करायचंय, त्याला काय करायचं कार्ड," असं जोडणारा म्हणाला आणि त्यानं झाकण लावून टाकलं. माणसं किती सहज दुसऱ्याचं नशीब ठरवून मोकळी होतात.

मला विकत घेतलं मोहिनीनं. गोरेगावच्या जीप स्टँडसमोर तिनं टायपिंगचा क्लास काढला. तिचे वडील माणिकराव गोरेगाव ते सेनगाव जीप चालवायचे. त्याच जीपमधून, मोहिनीच्या मांडीवर बसून मी गावात आलो. तिच्या आईनं, मंजुळाबाईंनी, मला ओवाळलं आणि हळदीकुंकू नेमकं की-बोर्डावर वाहिलं. पुढं कितीतरी दिवस स्पेसचं बटण दाबलं की कुंकू उडायचं.

पाच वर्षं मी राबलो. अर्ज लिहिले, लग्नपत्रिका लिहिल्या, पोरापोरींना बोटं कुठं ठेवायची ते शिकवलं. लोक दारातून डोकावून म्हणायचे, "मोहिनीचा कंप्युटर लई हुशार हाय." मला ते पटायचं. मग मोठमोठे कंप्युटर आले आणि तेच लोक मला डबडं म्हणू लागले. तोंडं तीच हो, जराही लाज नाही.

दोन हजार तीन साली माणिकरावांच्या डोळ्यांनी दगा दिला. समोरून एसटी येते आहे की म्हैस, हे त्यांना जवळ येईपर्यंत कळेना. डॉक्टरांनी स्टेअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. मोहिनीला गाडी येत होती. लायसन होतं, सवारी गाडी चालवायचा बिल्ला होता, सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर तिनं जीप किती वेळा सेनगावला नेऊन आणली होती. पण भरलेली जीप पोरीच्या हाती द्यायला माणिकराव तयार नव्हते. त्यांनी जीप विकत मागणाऱ्या वारंगा फाट्याच्या सटवाजीला सोमवारी येऊन जीप घेऊन जा म्हणून सांगून टाकलं.

"काहून?" मोहिनीनं विचारलं. "मी चालवते ना."

"रिकामी चालवतीस. भरलेली येगळी असते बाई."

"मंग भरलेली चालवून दाखवते."

"आन् पलटली तर? धा-पंधरा लेकराबाळांची मान्सं असतात आत."

तिला ती जीप हवी होती. क्लासमध्ये तिचं मन लागायचं, पण जीप सुरू झाल्याचा आवाज आला की तिची बोटं माझ्या की-बोर्डावर थांबायची, हे मी पाच वर्षं पाहत होतो.

तिचा चुलतभाऊ मुन्ना हिंगोलीत कंप्युटरचे गेम चालवायचा. तो त्याच आठवड्यात आपला नवा कंप्युटर, गेमचं एक स्टेअरिंग, पायाखालची ब्रेक-अॅक्सिलेटरची पेटी आणि गाड्यांच्या शर्यतीची सीडी घेऊन आला. "काका, यात गाडी अगदी खऱ्यावानी चालते," तो म्हणाला. "हिला यात चालवू द्या. पलटली तरी कुणाला खरचटणार न्हाई."

माणिकरावांना ते पटलं. मुन्नाच्या कंप्युटरला कार्ड होतं, आणि त्यानं त्यातलं सगळं चालू करून ठेवलं होतं. ढग, झाडं, झाडांच्या सावल्या, धूर, बोनेटवर पडलेलं उन्हाचं प्रतिबिंब. माणिकराव पडद्याला नाक लावून म्हणाले, "वा. निस्तं बघत बसावं." मी कोपऱ्यात फडक्याखाली होतो. जळलो, खोटं कशाला बोलू?

मोहिनी बसली. पहिल्याच वळणावर झाडावर आदळली. दुसऱ्या खेपेला कठड्यावर. तिसऱ्या खेपेला तिनं स्टेअरिंग सोडून हात मांडीवर ठेवले.

"मी वळवल्यावर गाडी उशिरा वळून राहिली," ती म्हणाली.

"पण दिसतं कसं ते बघ ना ताई," मुन्ना म्हणाला.

"दिसतं ते बराबर. ऐकत न्हाई त्याचं काय?"

तिचं खरं होतं. एवढी शोभा पडद्यावर रंगवता रंगवता त्या कंप्युटरला धाप लागत होती. चित्र अडखळत सरकायचं आणि तोवर वळण निघून जायचं. मुन्ना काही बंद करायला तयार होईना, त्याची शान जात होती. तेव्हा मोहिनी उठली, माझ्यावरचं फडकं काढलं, स्टेअरिंग आणि पेटी मला जोडली आणि सीडी माझ्यात घातली.

कार्ड नाही, मेमरी बेताची. गेम सुरू झाला आणि गाडी बैलगाडीसारखी चालू लागली. मुन्ना हसला. मोहिनीनं गेममध्ये काय चालू, काय बंद याची यादी उघडली आणि एकेक खूण काढत गेली. सावल्या बंद. धूर बंद. झाडं बंद. ढग बंद, मागचं आभाळही बंद. माझं सगळं उतरवून ठेवल्यासारखं झालं मला. पण त्याच यादीत आणखी काही खुणा होत्या, त्यांना तिनं हात लावला नाही, उलट सगळ्या चालू केल्या. टायर घसरणं, गिअर हातानं टाकणं, गाडीचं वजन, धडकलं की मोडणं. दिसणं तिनं कमी केलं, वागणं खरं ठेवलं.

आणि मी धावलो. राखाडी आभाळ, हिरवी सपाट जमीन, मधे काळा रस्ता, बस्स. पण तिनं चाक फिरवलं की त्याच क्षणी गाडी वळायची. तिनं न धडकता तीन फेऱ्या मारल्या. मुन्नाचं हसू कुठल्या कुठं गेलं.

माणिकराव मात्र पुढं सरकून बसले. "समोरून एसटी काहून येत न्हाई? समदे एकाच दिशेला काहून चालले?"

"शर्यत हाय काका."

"असंल. पर ही जीप न्हवं. जीप अशी ऐसपैस बसून चालवत न्हाईत."

मित्रांनो, तुम्ही आमच्याकडच्या जीपमध्ये बसला नसाल तर सांगतो. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला तर माणसं असतातच, पण उजव्या हाताला, दार आणि ड्रायव्हर यांच्या मधेही एक माणूस बसतो. ड्रायव्हर अर्ध्या बुडावर तिरका बसतो आणि दोघांच्या मधून हात काढून चाक फिरवतो. कुठल्याही गेम बनवणाऱ्याला हे सुचलेलं नाही. माणिकरावांनी मंजुळाबाईंना हाक मारली, बाकावर मोहिनीच्या उजवीकडे बसवलं आणि डावीकडे मुन्नाला कोंबलं. स्वतः मागं उभं राहून बाक गदागदा हलवू लागले.

"हे काय?" मोहिनीनं विचारलं.

"खड्डे," ते म्हणाले. "अशा धा फेऱ्या काढ. कुठं घासली न्हाई तर चावी तुझी. घासली तर सोमवारी सटवाजी."

दोन दिवस हे चाललं. सरळ रस्त्यावर निभायचं. पण एका उजव्या वळणाला मोहिनीचं कोपर आईच्या बरगडीत जायचं, हात पुढं फिरायचाच नाही आणि गाडी कडेला जाऊन आपटायची. "मी अंग चोरून बसले की गं," मंजुळाबाई म्हणायच्या, "आनखी किती चोरू?" तेच वळण, तोच धक्का, सात वेळा, आठ वेळा. पंखा तापून माझा जीव चालला होता. पण थांबलो नाही. मी एकदा जरी अडखळलो असतो तर दोष तिच्यावर गेला असता, आणि ते मी होऊ देणार नव्हतो.

रविवारी तिनं दहा फेऱ्या काढल्या. वळणाआधीच वेग इतका कमी करायची, की चाक दोन बोटांनी ओढलं तरी पुरायचं. दहावी फेरी संपली तेव्हा मंजुळाबाई बरगडी चोळत होत्या आणि माणिकराव खिशातून चावी काढत होते.

सोमवारी सकाळी जीप स्टँडवर लागली. माझी जागा दाराशी, सगळं दिसत होतं. सटवाजी येऊन उभा होता, कारण ही पहिली फेरी नीट झाली नाही तर जीप त्याचीच, असं माणिकरावांनी त्याला सांगून ठेवलं होतं. जीप भरली, मागच्या सीटवर मंजुळाबाईही बसल्या. शेवटी ज्ञानबा आले, मेंढरं राखणारे, रोजची सवारी. नेहमीप्रमाणे ते ड्रायव्हरच्या उजव्या बाजूनं चढायला लागले.

"बाबा, हितं न्हाई," मोहिनी म्हणाली. "ही बाजू रिकामीच राहील."

माणिकराव पुढं झाले. "अगं, रोजची जागा हाय त्यांची. आन् कालच तर धा फेऱ्या तशाच काढल्यास."

"काढल्या," ती म्हणाली. "म्हनूनच सांगून राहिले. उजव्या वळनाला हात फिरत न्हाई. तुमी इतकी वर्सं नशिबानं आनली गाडी."

बापाला असं चारचौघांत कुणी बोललं नव्हतं. माणिकरावांचा चेहरा उतरला. सटवाजी चावीकडे बघू लागला.

मागच्या सीटवरून मंजुळाबाई म्हणाल्या, "त्या जागंवर मी बसले व्हते दोन दिस. मला इचारा."

माणिकरावांनी वाकून आपल्या मिटमिटत्या डोळ्यांनी ती रिकामी हातभर जागा न्याहाळली. मग त्यांनी ज्ञानबांचा दंड धरला. "चला बाबा, दुसऱ्या गाडीनं जाऊ आपन दोघं," म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं उजवीकडच्या दाराची साखळी अडकवली. मोहिनीनं गिअर टाकला. जीप गेली आणि दुपारी आली, न घासता. सटवाजी वारंगा फाट्याला रिकाम्या हातानं गेला.

आता मी अडगळीत आहे. मित्रांनो, जुनं यंत्र टाकून देण्याआधी त्याच्यावरची धूळ पुसा आणि त्याच्या ताकदीला न पेलणारी शोभा उतरवून बघा. नवं घ्याल तेव्हा दिसतं कसं यापेक्षा ऐकतं कसं ते आधी विचारा. आणि यंत्र असो की माणूस, त्याचा हात फिरेल एवढी जागा सोडा. एवढं करा, आणि मग आम्हाला डबडं म्हणायची हिंमत करून दाखवा.