तिरडीचा एक बांबू

सुटका पाहिजे तर आधी अटक झाली पाहिजे, असं वकीलसाहेब म्हणाले तेव्हा इंद्रभानला वाटलं, वाशीमचं ऊन साहेबांच्या डोक्यात गेलं.

"साहेब, मी तं बाहेरच हावो."

"तीच अडचण आहे. बाहेरच्या माणसाला बाहेर कसं सोडणार?"

पंच्याहत्तर साल. अटकेआधीच जामीन मागायचा कायदा नुकताच आला होता. इंद्रभाननं तो मागून पाहिला, मिळाला नाही. बबनराव पाटलाच्या कवटीला चीर पडली होती. बौद्धवाड्यातली माणसं विहिरीवर पाणी भरताना पाहून पाटील धावत आला, शेवाळावर घसरला आणि काठावर आपटला. शेवाळाला कलम लावता येत नाही. इंद्रभान शेजारी उभा होता, त्याला लावलं. फिर्यादीत काठी होती. ती जप्त व्हायची बाकी होती, म्हणून इंद्रभान आत पाहिजे होता.

जेलचं भय त्याला नव्हतं. घरी बाप, उकंडराव, शेवटच्या घटका मोजत होता. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आजीनं बापाला उकिरड्यावर लोळवून उकंडा नाव ठेवलेलं; मरणाला तो इतकी वर्षं दिसलाच नाही. आता दिसला होता. बापाला आपला खांदा लागावा, एवढंच इंद्रभानला पाहिजे होतं.

म्हणून तो हजर झाला, आत बसला. वकीलसाहेबांनी नेहमीच्या जामिनाचा अर्ज टाकला. दर तारखेला पोलिसांतर्फे जगदेव जमादार उठून सांगे, "काठी मिळाली नाही." काठी नव्हतीच, त्यामुळे ती मोठ्या चिकाटीनं मिळत नव्हती.

एक दिवस बायको, गंगू, भेटीला आली.

"मामाजी म्हणते, नसंल काठी तं आढ्यावरला एक देऊन टाका."

आढ्याला दोन बांबू बांधलेले होते. म्हाताऱ्यानं स्वतःच्या तिरडीसाठी निवडून, तेल पाजून ठेवलेले.

"अवं, मारलं नाही अन् काठी देऊ? म्हंजे मीच कबूल केलं का नाही?"

"मीबी तेच म्हनलं. तं म्हणे, मले पोराचा खांदा पायजे, बांबू जाऊ दे चुलीत."

इंद्रभाननं गजांवरचे हात काढले. मग म्हणाला, "दे."

जगदेवनं बांबू उभा करून पाहिला. "येवढ्यानं मारायचं तं तुले विहिरीच्या पल्याड उभं राहा लागंल, लेका." मग करवत मागवून त्यानं तो फिर्यादीत बसेल एवढा कापला. पंचांनी अंगठे दिले, लाखेचं सील लागलं.

जामीन झाला. अट एकच: केस निकाली निघेपर्यंत गावच्या शिवेत पाऊल ठेवायचं नाही.

"सुटलास!" वकीलसाहेब म्हणाले.

इंद्रभान शिवेच्या दगडाबाहेर, पळसाखाली राहू लागला. गंगू भाकर घेऊन यायची, बापाचं सांगायची. एक दिवस ती भाकर न घेताच आली.

मसणवटा शिवेच्या आत. पण बौद्धवाड्यातली माणसं मयत आधी दगडापाशी घेऊन आली. तिरडीच्या एका अंगाला बांबू, दुसऱ्याला वखराची दांडी. दांडी आखूड, त्यामुळे म्हातारा एका कडेला कलंडलेला, उठून जाणाऱ्या माणसासारखा. बंदोबस्ताला जगदेव होताच.

"दगडाच्या बाहेर आना," तो पुटपुटला. "येकच चक्कर."

तिरडी बाहेर आली. इंद्रभान आखूड बाजूला लागला. दांडी खांद्याच्या पुढे संपत होती, म्हणून तो वाकून, टोक हातात धरून चालला. पळसाभोवती एक फेरा झाला. दगडाशी येताच त्यानं खांदा काढला आणि दुसऱ्यानं दिला. तिरडी आत गेली. तो दगडाला पाय चिकटवून उभा राहिला.

"जमादार," बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "तो बांबू वापस भेटंल का?"

"केस संपली का अर्ज कर," जगदेव म्हणाला. टोपी त्याच्या हातात होती. "नीट ठेवला हाय. कीड नाही लागू देनार."

पलीकडे धूर उठला.