ब्रॅम्बल गल्लीचा पंप

ब्रॅम्बल गल्लीच्या पंपाचं पाणी घाण मारतं, हे टॅबिथा क्लेगने हेडनशॉच्या नगर मंडळाला तीनदा लेखी कळवलं होतं. संडासांचं गटार फुटून पंपाखालच्या विहिरीत झिरपतंय, उन्हाळ्यात सहा माणसं गेली, त्यात शेजारच्या हॅना ओल्डरॉइडची तीन वर्षांची पोर. तिन्ही अर्जांची पोच मिळाली. पुढे काही नाही.

टॅबिथा गिरणीत चार माग सांभाळायची आणि त्यांच्या खडखडाटात मनातल्या मनात ओळी जुळवायची. चौथ्या खेपेला तिने अर्ज लिहिलाच नाही. बारा कडव्यांची कविता लिहिली आणि गावच्या साप्ताहिकाला धाडली.

शनिवारी ती छापून आली. रविवारच्या प्रार्थनेपर्यंत टेकडीवरच्या बंगल्यांत रडारड सुरू झाली होती. मंगळवारी मंडळाने टॅबिथाला बोलावून घेतलं.

अध्यक्ष एंटविसलसाहेबांचे डोळे सुजले होते. "काय लिहिलंय हो बाई! आमच्या मंडळी तीन दिवस जेवल्या नाहीत. नुसत्या सूपवर आहेत."

"मग पंपाचं काय करताय, साहेब?"

"येतो ना त्याच्याकडे. आधी सातवं कडवं बघू. तिथे 'गटार' आलंय. घरंदाज बायका वाचतात हो. 'निर्झर' केलं तर?"

"पण ते गटारच आहे, साहेब."

कारकुनाने बोटांवर मोजलं. "मात्रा तितक्याच भरतात," तो म्हणाला. पाच विरुद्ध दोन मतांनी गटाराचा निर्झर झाला.

मग टॅबिथाने पुन्हा पंपाचा विषय काढला, तेव्हा मंडळावरचे वकील हॉरॉक्स उठले. "माझी हरकत आहे. कवितेत पंप वर्तमानकाळात नासलेला आहे. उद्या तो नीट केला, तर कविता खोटी पडेल. हेडनशॉच्या नशिबी आजवर एवढी एकच कविता आलीय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. पंप आहे तसाच जपावा, भोवती कठडा घालावा आणि रडायला येणाऱ्यांसाठी एक बाक ठेवावा, असं ठरलं.

गुरुवारपासून गल्लीत घोडागाड्या येऊ लागल्या. बायका बाकावर बसून आळीपाळीने रडत. एकीने हॅनाला विचारलं, "तुम्हीच का त्या आई? जरा पंपाशी उभ्या राहता? हो, बादली असू द्या हातात."

हॅना उभी राहिली. थोड्या वेळाने टॅबिथाच्या कानाशी लागून म्हणाली, "टॅबी, यांचं रडून झालं की उठतील ना गं? माझे कपडे भिजत घालायचे राहिलेत."

टॅबिथाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी जाऊन ती तडक दुसरी कविता लिहायला बसली. दयाळू अध्यक्षांचे अश्रू विहिरीत पडले आणि पाणी मधाहून गोड झालं, अशी. इतकं खोटं तिने जन्मात लिहिलं नव्हतं, आणि यमकंही इतकी पटापट कधी सुचली नव्हती. तिला स्वतःचीच शिसारी आली. तरी तिने ती धाडली.

सोमवारी गाड्यांमधून बायका उतरल्या त्या हातात पेले घेऊनच. सगळ्यांत पुढे मिसेस एंटविसल, चांदीचा पेला भरून. तेवढ्यात साहेब टोपीशिवाय धावत आले.

"कॅरोलिन, पिऊ नकोस!"

"का? तुमच्याच अश्रूंनी शुद्ध झालंय ना?"

"अगं, ती कविता आहे!"

"म्हणजे खोटी? मग पहिलीही खोटीच? मी उगाच उपाशी राहिले?"

साहेबांनी केविलवाण्या नजरेने टॅबिथाकडे पाहिलं. "बाई, तुम्ही तरी सांगा हिला."

"मी काय सांगणार, साहेब? छापून आलंय."

पेला ओठांशी गेला. साहेबांनी तो हिसकून भिरकावला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "गटार आहे त्यात! संडासाचं गटार!"

पाठोपाठ धापा टाकत आलेल्या कारकुनाने ते शब्द इमानाने टिपून घेतले. अध्यक्षांचं जाहीर निवेदन म्हणून ते दप्तरात गेले, आणि खुद्द अध्यक्षांचंच म्हणणं दप्तरात गेल्यावर काहीतरी करणं मंडळाला भाग होतं. ऑक्टोबरात टेकडीवरच्या तळ्यातून नळ आला. नळावर पितळी पाटी बसली, तिच्यावर दुसरी कविता. टॅबिथा तिथून जाताना तोंड फिरवून जायची.

पहिल्या दिवशी हॅनाने ओंजळीने पाणी प्यायलं आणि ती तशीच उभी राहिली.

"टॅबी, याला कसलीच चव नाही गं."

"नसतेच पाण्याला."

"नसते?" हॅनाने पुन्हा ओंजळ धरली. मागे रांगेतल्या बायका कुरकुरायला लागल्या, "अगं आटपा की! गिरणीची घंटा होईल आता."